एक युरोचा समुद्र

ग्राझहून पहाटे सव्वाचारची बस.
डब्यात काल रात्रीचा पास्ता, राईच्या पावाचे पाच तुकडे
आणि रूटाच्या खिशात चार घड्या घातलेली यादी:
किल्ला, चौक, रोमन रंगमंदिर,
टेकडीवरचं चर्च, तिथून फोटो छान येतो म्हणे,
कॉफी एकदाच, सहाला परत.
सहा महिन्यांत अकरा शहरं आम्ही अशीच उरकली,
दाट मुहूर्ताच्या दिवशी चार मांडव गाठावेत तशी:
अक्षता टाकायच्या, पुढे निघायचं.

ब्रातिस्लावाचा मला फक्त चावलेला बूट आठवतो.
ल्युब्लियानात पूल होते.
किती, ते दुआर्त सांगेल.

बोगद्याआधी बस दोन तास अडकली.
त्रिएस्तला उतरलो तेव्हा ऊन असं
की चौकातल्या फरशीवर पाय टेकवेना.
किल्ला लांब. समुद्र जवळ.
तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने एकेक युरो घेतला
आणि बोटाने वाटणी केली:
तुम्ही दोघी इकडे, हा तिकडे.
आम्हाला वाटलं, थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. किनाऱ्याच्या मधोमध पांढरी भिंत,
दोन पुरुष उंच, पुढे सरळ पाण्यात शिरलेली.
बायका अलीकडे, पुरुष पलीकडे,
पणजोबांच्या काळापासून.
पाडायचं कुणी नुसतं म्हटलं
तरी आधी बायकाच पदर खोचून उठतात.
पदर माझा. बाकीचं नीव्हेसबाईंनी सांगितलेलं.

नीव्हेसबाई ऐंशीच्या पुढच्या,
पाठ उघडी, भाजल्या विटेच्या रंगाची.
गोट्यांवर गादी टाकून चौघींचा पत्त्यांचा डाव चालला होता.
मला पीच दिलं आणि म्हणाल्या,
इकडे पोट आत ओढून बसावं लागत नाही.
इटालियन मला येत नाही,
पण त्यांनी पोट सोडून दाखवलं.

मीही सोडलं.
कधीपासून धरून ठेवलं होतं कोण जाणे,
जलशास्त्राच्या तासाला,
गल्ल्यावर सुटी नाणी मोजताना मागे रांग वाढत असताना,
अकरा शहरांतल्या एकूण एक फोटोत.
रूटाने यादी उघडली,
तिच्यात पीचच्या बिया गुंडाळल्या
आणि पालथी झोपली.

साडेपाच.
परतीची तिकिटं दुआर्तच्या फोनमध्ये,
फोन दुआर्तजवळ, दुआर्त भिंतीपलीकडे.
उचलेना.
रूटाने हाक मारली. मी मारली.
आमचे आवाज भिंतीच्या अर्ध्यावर जाऊन खाली पडले.

तेव्हा नीव्हेसबाईंनी हातातले पत्ते पालथे ठेवले,
कमरेवर हात दिले आणि हाळी घातली:
दुआर्तेऽऽ!
शेवटचा एकार त्यांचा स्वतःचा.
मग डावातल्या तिघी. मग पाण्यात उभ्या असलेल्या.
मग मांडीवरचं मूल सावरत एक.
साठेक बायका, ना ओळख ना पाळख,
एका पोर्तुगीज पोराच्या नावाने
त्यांनी किनारा डोक्यावर घेतला.
पलीकडे शिट्ट्या, मग हशा,
आणि भिंतीवरून भिरभिरत आली
त्याची डावी चप्पल.

बस गेलीच.
पुढच्या बसचे माणशी सतरा युरो,
म्हणजे पुढच्या शनिवारचं प्राग बुडालं.

रात्री, पाठ टेकवता येत नव्हती म्हणून
दुआर्त पुढे वाकून बसला होता.
काय होतं रे पलीकडे?
काही नाही. म्हातारे. बुद्धिबळ.
एकाने हलवून उठवलं मला,
म्हणाला, ऊठ, तुझी आई हाका मारते आहे.

मग तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर बोगदा होता.

सोमवारी वर्गात वालेरीने विचारलं,
किल्ला कसा वाटला?
मी मनगटावरचं मीठ जिभेने चाखून पाहिलं,
दोन अंघोळींनंतर ते उरलं असणं शक्य नव्हतं,
आणि सांगितलं, पांढरा आहे.